दुरुस्ती पाठवा, कारणासकट

माझा पहिला पॅच एका ओळीच्या दुरुस्तीसाठी होता. एका प्रोग्रॅमच्या मदतपानावर एका पर्यायाचं वर्णन उलटं छापलं होतं. तो पर्याय दिला की जुनी फाइल पुसली जायची, आणि पान सांगायचं की जुनी फाइल तशीच राहते. त्यापायी माझं दोन दिवसांचं काम गेलं. चूक सापडल्यावर मी ती ओळ दुरुस्त केली आणि तडक पाठवून दिली. उत्तर आलं: बदल ठीक दिसतोय, पण तो का करायचा हे लिहिलेलं नाही, शिवाय त्याच पॅचमध्ये तुम्ही खालचा परिच्छेदही नीटनेटका केलाय, तो वेगळा पाठवा. मी पुन्हा पाठवला. या वेळी शीर्षक दिलं होतं, ‘मदतपान सुधारलं’. कुठलं पान, काय सुधारलं, काहीच कळत नव्हतं. तोही परत आला. तिसऱ्या खेपेला मी घडलं ते सरळ लिहिलं: हा पर्याय वापरला, फाइल गेली, कोड वाचला तर तिथे ती पुसलीच जाते, म्हणून पानावरची ओळ बदलली आहे. तो पॅच त्याच संध्याकाळी स्वीकारला गेला.

त्या तीन खेपांत मी जे शिकले तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

कॉलेजातली मुलं मला विचारतात, “मॅडम, लिनक्सच्या कामात हातभार लावायचा तर आधी किती वर्षं सी लँग्वेज शिकायला हवी?” शाळेतले शिक्षक म्हणतात, “आम्ही नुसते वापरणारे. आमचं कोण ऐकणार?” दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. जे मोडलेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तिथून सुरुवात करा. आणि दुरुस्ती पाठवाल तेव्हा तिच्याबरोबर तिचं कारणही लिहून पाठवा. दुरुस्ती लहान असली तर काही बिघडत नाही. कारण अपुरं असलं तर मात्र सगळं अडतं.

हे घर कुणाचं?

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत असं जाहीर केलं आणि लोकांकडून सूचना मागवल्या. त्यातून लिनक्स कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, उभा राहिला. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन याच कर्नलवर चालतो. पण नुसत्या कर्नलनं संगणक वापरता येत नाही. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम लागतात. ते सगळे जमवून, तपासून, एकमेकांशी जुळवून पूर्ण सिस्टिम, म्हणजे डिस्ट्रो, तयार करण्याचं काम डेबियनसारखे प्रकल्प करतात. इयान मरडॉकनं डेबियन ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलं. आजही ते जगभरातल्या स्वयंसेवकांच्या हातावर चालतं. २०२३ सालची त्यांची वार्षिक परिषद आपल्याकडे कोचीत भरली होती.

डेबियनचा १९९७ सालचा एक सामाजिक करार आहे. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं: आम्ही अडचणी लपवणार नाही, चुकांची नोंदवही सर्वांसाठी कायम उघडी ठेवू. विकत घेतलेल्या वस्तूत दोष निघाला तर आपण तक्रार करतो आणि वाट पाहत बसतो. इथे दोषांची वही तुमच्यासमोर उघडी आहे, कोड उघडा आहे, आणि दुरुस्त करायची मुभा परवान्यातच लिहून दिलेली आहे. ज्या घरात आपण रोज वावरतो त्याच्या गळक्या कौलाकडे पाहून ‘चालायचंच’ म्हणणं बरं नव्हे.

पॅच म्हणजे नेमकं काय?

पॅच जवळून पाहिला की भीती जाते. ती एक साधी मजकुराची फाइल असते. जी ओळ काढायची तिच्या सुरुवातीला उणे चिन्ह, जी घालायची तिच्या सुरुवातीला अधिक चिन्ह. वर तीन आणि खाली तीन ओळी जशाच्या तशा, म्हणजे बदल कुठे बसवायचा ते समजावं. या फाइलवरून बदल आपोआप लागू करणारा ‘पॅच’ नावाचा प्रोग्रॅम लॅरी वॉलनं १९८५ मध्ये लिहिला. आता हे काम बहुतेक ठिकाणी गिट करतं. गिटही लिनसनंच २००५ मध्ये कर्नलच्या कामासाठी लिहिलं होतं.

उणे-अधिकाच्या ओळी यंत्र काढून देतं. त्यांच्या वरचा मजकूर मात्र तुम्हालाच लिहायचा असतो, आणि पॅचचा खरा जीव तिथे आहे. कर्नलच्या कामातली रीत अशी. पहिली ओळ शीर्षकाची: पॅच कुठल्या भागात आणि काय करतो, साधारण सत्तर-पंच्याहत्तर अक्षरांत. मग एक ओळ रिकामी. मग कारण: वापरणाऱ्याला काय त्रास होतो, तो कशामुळे होतो, आणि हा बदल तो कसा दूर करतो. चूक आधीच्या एखाद्या बदलामुळे शिरली असेल तर ‘फिक्सेस’ असं लिहून त्या बदलाचा क्रमांक द्यायचा. चूक दुसऱ्या कुणी कळवली असेल तर ‘रिपोर्टेड-बाय’ लिहून त्याचं नाव. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि तुमचं नाव. ही नुसती सही नाही. हा कोड मी लिहिला आहे किंवा तो देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्यात जाहीर करता. २००४ पासून कर्नलमध्ये ही सही लागतेच.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? तुमचा पॅच वाचणारा माणूस तुम्हाला कधी भेटलेला नसतो, भेटणारही नसतो. आणखी दहा वर्षांनी एखादी मुलगी त्याच ओळीपाशी अडेल. ही ओळ इथे का आहे, असं विचारायला तिच्याकडे तुमचा फोन नंबर नसेल. तिला तुमचं तेवढं लिखाणच हाताशी असेल.

न विचारता काढलेली ओळ

कारण नीट न कळता केलेली दुरुस्ती काय करते, याचा डेबियनला स्वतःलाच मोठा धडा मिळाला आहे. ओपनएसएसएल नावाचं पॅकेज संगणकाच्या गुप्त किल्ल्या बनवतं. अशी किल्ली कुणाला ओळखता येऊ नये म्हणून ती बनवताना भरपूर यादृच्छिक मजकूर मिसळावा लागतो. २००६ मध्ये तपासणीचं एक साधन त्या कोडमधल्या दोन ओळींबद्दल इशारा देऊ लागलं: इथे आधी किंमत न भरलेली मेमरी वाचली जाते आहे. पॅकेज सांभाळणाऱ्यानं मूळ प्रकल्पातल्या लोकांना विचारलं. उत्तर अनुकूल आलं. दोन्ही ओळी बंद झाल्या आणि इशारा थांबला.

पण त्यातल्या एका ओळीवर सगळं अवलंबून होतं. सर्व यादृच्छिकपणा तिच्यातूनच आत जात होता. ती बंद पडल्यावर प्रत्येक किल्लीमागे फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला, म्हणजे जेमतेम बत्तीस हजारांच्या आसपास शक्यता. साधा संगणकही त्या सगळ्या थोड्या वेळात करून पाहू शकतो. मे २००८ मध्ये हे उघड झालं तोवर दीड वर्षाहून जास्त काळ गेला होता. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर त्या काळात बनलेल्या किल्ल्या जगभर टाकून द्याव्या लागल्या.

त्या माणसाचा हेतू शुद्ध होता, आणि त्यानं विचारलंही होतं. पण तो बदल रीतसर पॅच होऊन मूळ प्रकल्पात गेला नाही. डेबियनपुरताच राहिला, आणि ज्यांनी तो कोड लिहिला होता त्यांच्या रोजच्या नजरेखाली कधी आला नाही. म्हणून माझी पहिली विनंती: इशारा गप्प करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. एखादी ओळ काढण्याआधी ती तिथे का ठेवली होती हे शोधा. गिटचा इतिहास पाहा, ती कोणत्या बदलाबरोबर आली ते वाचा. आणि दुरुस्ती उगमाकडे पाठवा. प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला त्या मूळ प्रकल्पाकडे ती गेली, तर पुढच्या सगळ्या डिस्ट्रोंना तिचा उपयोग होतो आणि जास्तीत जास्त डोळे तिच्यावरून फिरतात.

अर्ध्या सेकंदाची शंका

आता दुसरी बाजू. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रॅमर डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग मोजत होता. एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकावर जाण्याच्या सोयीनं, लॉगिन होताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. ‘लागत असेल’ म्हणून त्यानं ते सोडून दिलं नाही. माग काढत तो एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजपाशी पोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला त्यानं ते सविस्तर, पुराव्यासह जाहीर केलं. त्या आवृत्त्या डेबियनच्या स्थिर आवृत्तीत अजून पोचलेल्या नव्हत्या.

चोरदरवाजा बसवणारा आला कसा, हे त्याहून विचार करायला लावणारं आहे. एक्सझेड कितीतरी वर्षं मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी, आपल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता. कामाला उशीर होतो म्हणून त्याच्यावर दबाव येत होता. अशा वेळी टोपणनावानं एक मदतनीस आला, त्यानं दोन वर्षांहून जास्त काळ उपयोगी पॅच पाठवले, विश्वास कमावला आणि शेवटी घात केला.

यातून परक्या माणसाचा पॅच घेऊच नये असा धडा कुणी घेऊ नये. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, ज्या पॅकेजवर आपण विसंबतो ते सांभाळणारा माणूस एकटा पडू देऊ नका. प्रामाणिक मदत पोचली नाही तर रिकाम्या जागेत कोण येऊन बसेल सांगता येत नाही. दुसरी, ‘हे नेहमीसारखं नाही’ असं वाटणं हीसुद्धा मोठी मदत आहे. त्यासाठी कर्नल लिहिता यावा लागत नाही. लक्ष असावं लागतं आणि लिहून कळवायची तयारी.

कोड येत नसेल तर

म्हणून कोड न येणाऱ्यांना सांगते: चूक नीट कळवा. डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ हा प्रोग्रॅम आहे. पॅकेजची आवृत्ती आणि तुमच्या सिस्टिमची माहिती तो स्वतःच भरतो, आणि तुम्हाला चार गोष्टी विचारतो: हे कशातून घडलं, तुम्ही नेमकं काय केलंत, काय झालं, आणि काय व्हायला हवं होतं. या चार उत्तरांत तुमचं म्हणणं बसवा. ‘प्रिंटर चालत नाही’ असं लिहिलंत तर सांभाळणाऱ्याला पुढे काही करता येत नाही. ‘दोन्ही बाजूंनी छापायला दिलं की दुसरं पान उलटं येतं, एका बाजूनं दिलं की बरोबर येतं, मागच्या आवृत्तीत दोन्ही नीट यायचं’ असं लिहिलंत तर अर्धी दुरुस्ती तुमच्या हातून झालेली असते. कळवण्याआधी चुकांची वही चाळून पाहा. तीच नोंद आधी असेल तर नवी उघडू नका. तिच्यातच तुमचा अनुभव जोडा.

आणि आपण मराठी माणसांनी एक काम तर करायलाच हवं, कारण ते दुसरं कुणी करू शकत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द पाहा. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. फरक एका र-च्या रूपाचा. फाँटमध्ये किंवा अक्षरं मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो चुकला, तर फिनलंडातल्या किंवा ब्राझीलमधल्या प्रोग्रॅमरला काही वावगं दिसणार नाही. आपल्याला एका क्षणात दिसतं. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ-ला चंद्र जोडून ते टाइप करत, आणि आजही कित्येक फाइलींत ते तसंच आहे. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. ही खरी चूक आहे, कळवण्याजोगी आहे. ज्याला रोज ‘ॲप’ शोधावं लागतं त्यानंच ती कळवायला हवी.

भाषांतराचंही तसंच. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, कारण कुणीतरी बसून त्यातलं एकेक वाक्य मराठीत आणलं. या फाइलींत वर इंग्रजी वाक्य असतं, खाली तुमचं. मध्ये एखादी मोकळी जागा असते. तिथे चालू असताना प्रोग्रॅम फाइलीचं किंवा माणसाचं नाव भरतो. इंग्रजीत ते नाव जसंच्या तसं बसतं. मराठीत सामान्यरूप आडवं येतं. ‘पुणे’ला ‘त’ नुसता चिकटवून चालत नाही, ‘पुण्यात’ व्हावं लागतं, आणि प्रोग्रॅमला ते कळत नाही. म्हणून जाणता भाषांतरकार ‘पुणे या ठिकाणी’, ‘अमुक नावाची फाइल’ अशी रचना करतो आणि प्रत्यय त्या मोकळ्या जागेपासून दूर ठेवतो. नावं दोन असली तर त्यांचा क्रम मराठीप्रमाणे बदलायची सोयही त्या फाइलीत असते. हे काम व्याकरण जाणणाऱ्या शिक्षकाचं आहे, बातमीची भाषा घासूनपुसून घेणाऱ्या उपसंपादकाचं आहे. लोहित हा मुक्त फाँटसंच रेड हॅटनं २००४ मध्ये खुला केला आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी त्यावर पुढे बरीच वर्षं काम केलं. पाया घातलेला आहे. त्यावर चढवायच्या विटा आपल्या हातात आहेत.

कोड येत असेल तर

कोड लिहिणाऱ्यांसाठी चार गोष्टी रोखठोक सांगते.

एका पॅचमध्ये एकच गोष्ट. दुरुस्ती आणि आवराआवर एकत्र करू नका. उद्या त्या दुरुस्तीतच खोट निघाली तर ती एकटी मागे घेता आली पाहिजे.

पाठवण्याआधी स्वतः चालवून पाहा. कर्नलच्या कोडबरोबर ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट मिळते, ती मांडणीतल्या चुका दाखवते. ‘गेट-मेंटेनर’ दुसरी, पॅच कुणाकुणाला पाठवायचा ते ती सांगते. चूक कुठल्या बदलानं शिरली ते कळत नसेल तर ‘गिट बायसेक्ट’ वापरा: चांगली आवृत्ती कोणती, बिघडलेली कोणती एवढं सांगितलं की ते दरवेळी उरलेल्यातला अर्धा भाग बाद करत जातं. हजार बदलांतून दोषी बदल दहा चाचण्यांत हाती लागतो. त्या दहा चाचण्या ज्याच्याकडे ते बिघडलेलं यंत्र आहे तोच करू शकतो.

उत्तराची वाट पाहा. आठवडाभराच्या आत पुन्हा टोचू नका. सांभाळणाऱ्यापुढे तुमच्यासारखे कितीतरी पॅच असतात. दोन-तीन आठवडे काहीच आलं नाही तर नम्रपणे आठवण करा. टीका आली तर प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या, पटलं तर बदला, पटलं नाही तर का ते लिहा. दुसरी आवृत्ती पाठवताना पहिलीपेक्षा काय बदललं त्याची नोंद खाली द्या. पॅच परत येणं हा अपमान नाही. कुणीतरी वेळ काढून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, असा त्याचा अर्थ आहे.

चौथी गोष्ट मुलांना जरा कळकळीनं सांगते. बायोडेटात एक ओळ भरायची म्हणून पॅच पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे मुक्त प्रकल्पांना बदल पाठवण्याच्या उपक्रमात, टी-शर्ट मिळावा म्हणून लोकांनी नुसते एखाद-दुसरे शब्द इकडचे तिकडे करून बदल पाठवले, आणि सांभाळणाऱ्यांचे दिवस ते नाकारण्यात गेले. शेवटी ज्या प्रकल्पांना हवं असेल त्यांनाच त्यात धरावं असा नियम करावा लागला. आता एआयकडून पॅच लिहून घेणं सोपं झालं आहे, तेव्हा ही काळजी दुप्पट घ्या. ‘ही ओळ का?’ असं विचारल्यावर स्वतःच्या शब्दांत उत्तर देता येत नसेल तर पाठवू नका. खाली सही तुमची असते. मन लावून काम करायचं असेल तर गुगल समर ऑफ कोड आणि आउटरीची अशा मानधनाच्या संधीही आहेत. तिथे निवड करणारे तुमचे आधीचे पॅच आणि तुम्ही टीकेला दिलेली उत्तरं पाहतात.

या आठवड्यात एवढं करा

वापरताना बोचणारी एक गोष्ट तुम्हाला आत्ताच आठवली असेल. चुकीचा मराठी शब्द, उलटं मदतपान, झोपेतून उठल्यावर बंद पडणारं वाय-फाय. तीच घ्या. कागदावर लिहून काढा: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. वही पाहा, नोंद नसेल तर करा. दुरुस्त करता आली तर करा, नाही तर नोंदीपाशी थांबा. पुढचं काम दुसरा कुणी उचलेल आणि तुमचं नाव ‘रिपोर्टेड-बाय’पुढे लिहील. पॅच परत आला तर माझी तिसरी खेप आठवा. मी नवं काही शिकून आले नव्हते. जे घडलं होतं ते फक्त पहिल्यांदाच नीट लिहिलं होतं.